ऐन मेमध्ये, सहकुटुंब

उटीला कसं जावं याबद्दल जाणकारांचं एकमत आहे. मे महिना टाळावा. शनिवार-रविवार टाळावा. तळ्यावरचं बोट हाऊस, बोटॅनिकल गार्डन, दोड्डबेट्टा ही गर्दीची ठिकाणं टाळावीत. लहान मुलं शक्यतो घरी ठेवावीत, म्हातारी माणसं तर नक्कीच. पावसाळा सरताना दोघांनी किंवा एकट्याने जावं, गावापासून लांब चहाच्या मळ्यात राहावं, पहाटे उठून धुकं बघावं आणि गुपचूप परत यावं. या सल्ल्यातलं एकही वाक्य मला खोडता येत नाही. तरीही माझं सांगणं बरोबर उलटं आहे. उटीला मेमध्येच जावं. आजी-आजोबा, आत्या, मामा-मामी, दोन घरची मुलं आणि ऐन वेळी ‘मीही येते’ म्हणणारी लांबची मावशी, अशा सगळ्यांनी मिळून जावं. आणि गेल्यावर बोट हाऊसला आणि बागेतच जावं.

हा मूर्खपणा आहे हे मला मान्य आहे. मी त्याच मूर्खपणाची बाजू घेऊन बोलतो आहे. पैशाचा हिशेब मांडला तर ही सहल आतबट्ट्याची ठरते. विश्रांतीचा मांडला तर माणूस गेला त्याहून दमून परत येतो. निसर्गाचा मांडला तर पुढच्याच्या डोक्यामागून जेवढा दिसला तेवढाच निसर्ग पदरात पडतो. शहाणपणाच्या प्रत्येक मापावर ती नापास होते, आणि माझ्या मते चूक त्या मापांची आहे. ती सगळी जागेची मापं आहेत. सहकुटुंब सहल मुळात जागेसाठी नसतेच.

मराठी कुटुंब उटीला पोचतं ते बहुतेक वेळा म्हैसूरकडून. बंगळूर-म्हैसूर-उटी हा आपल्याकडच्या टूरवाल्यांचा जुना, ठरलेला मार्ग आहे. वाटेत बंदीपूरचं जंगल लागतं आणि तिथला रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. हा नियम प्राण्यांसाठी आहे आणि योग्यच आहे. त्यामुळे पहाटेच्या अंधारात आंघोळी, चहा, बॅगा, ‘सगळे आले का’ची मोजणी आणि हमखास एकाची चप्पल सापडत नसणं, हे सारं म्हैसूरच्या लॉजच्या जिन्यात घडतं. मग जंगल आणि जंगलानंतर घाट. मोठी बस असेल तर गुडलूरमार्गे, छोटी गाडी असेल तर मसिनगुडीवरून कल्हट्टीचा घाट, त्यात ३६ हेअरपिन वळणं. मध्येच कुणाच्या तरी पोटात ढवळायला लागतं. आवळासुपारी फिरते, लिंबू हुंगायला दिलं जातं, खिडकीची जागा मोकळी केली जाते. तेवढं करूनही गाडी थांबवावी लागते आणि रस्त्याच्या कडेला एखादी मामी भाच्याचं कपाळ धरून उभी राहते. एरवी त्या दोघांची भेट लग्नकार्यात, उभ्या-उभ्या होते. त्या वळणावर मुलाला जे कळतं ते त्याला पुढे कधी कुणी समजावून सांगावं लागत नाही. एकट्याने धुकं बघायला गेलेल्याचं कपाळ धरायला कोण असतं?

दुसरी वाट खालच्या अंगाची, मेट्टुपाळयमहून, आणि ती तर मूर्खपणाचा कळस आहे. तिथून उटीपर्यंत ४६ किलोमीटरची छोटी रेल्वे आहे. गाडी वर चढायला सुमारे पाच तास घेते, बस तेच अंतर त्याच्या निम्म्याहून कमी वेळात कापते. चढ इतका उभा आहे की कुन्नूरपर्यंत रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी टाकलेली आहे. इंजिनाच्या पोटातलं दातेरी चाक त्या पट्टीत अडकत अडकत पुढे सरकतं, आणि चढताना इंजिन मागून डब्यांना ढकलत असतं. १८५४ साली ही कल्पना पहिल्यांदा मांडली गेली. गाडी कुन्नूरला पोचली १८९९ मध्ये आणि उटीला १९०८ मध्ये. एवढ्या वर्षांत कुणीतरी शहाणा माणूस ‘राहू द्या’ म्हणाला असता तर ते समजण्यासारखं होतं. सुदैवाने कुणाचं चाललं नाही. २०८ वळणं, २५० पूल आणि १६ बोगदे झाले, आणि २००५ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हटलं. बोगदा आला की डब्यातले सगळे ओरडतात. मुलं ओरडतात, मुलांना गप्प बसवणारे ओरडतात, बँकेतून निवृत्त झालेले काका ओरडतात. बोगद्यात ओरडण्याचं कुठलंही कारण नाही. पण आयुष्यात फक्त कारण असतानाच ओरडलेल्या माणसाला एवढी संधी मिळालीच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आणि या गावात मूर्खपणा काही आपण नव्याने नेलेला नाही. गाव उभंच त्याच्यावर राहिलं. कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन याने १८२० च्या दशकात इथे दगडी घर बांधलं, ओढे अडवून तळं केलं, विलायती भाज्या लावल्या. मग अख्खं मद्रास सरकार दर उन्हाळ्यात फायलींसकट इथे चढू लागलं. आपल्याकडे मुंबई सरकार महाबळेश्वरला जायचं तसंच. १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटनने बायकोला पत्र लिहून इथल्या पावसाचं आणि चिखलाचं कौतुक केलं, कारण तो पाऊस आणि तो चिखल त्याला थेट इंग्लंडातला वाटला. हजारो मैलांवरून राज्य करायला आलेला माणूस चिखल बघून हरखतो. इथल्या साहेबांनी हंट क्लबही काढला होता. विलायतेत घोडे आणि कुत्रे घेऊन खोकडाची शिकार करायचे. इथे ती पद्धत जशीच्या तशी आणली आणि खोकडाच्या जागी कोल्ह्यांचा पाठलाग केला, लाल कोट घालून.

त्यांच्या मूर्खपणाची मात्र मी स्तुती करत नाही. तो दार बंद करून केलेला मूर्खपणा होता. क्लबच्या पायऱ्या चढायला रंग लागायचा. आज त्याच गावात तिकीट काढून कुणीही बागेत शिरतं आणि तेवढाच वेडेपणा उघड्यावर, सर्वांदेखत करतं. माझ्या दृष्टीने ही या गावाच्या इतिहासातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

बागेचा जन्मही एका फसलेल्या बेतातून झाला. १८४५ साली उटीतल्या युरोपीय लोकांनी भाजीसाठी वर्गणी काढली. महिना ३ रुपये भरा आणि मळ्यातली भाजी न्या. तो मळा काही चालला नाही. मग मद्रासचा गव्हर्नर मार्क्विस ऑफ ट्वीडेल याच्या पुढाकाराने सार्वजनिक बागेसाठी पैसा उभा राहिला, आणि १८४८ मध्ये लंडनजवळच्या क्यू बागेत तयार झालेला विल्यम मॅकआयव्हर इथे आला. वर डोंगराचा उतार आणि खाली दलदल, अशा जागेवर बाग बसवायला त्याला दहाएक वर्षं लागली. आज ती सुमारे ५५ एकर आहे. १८९६ मध्ये पहिलं पुष्पप्रदर्शन भरलं, आणि मे महिन्यात ते भरतं तेव्हा बागेत हिरवळ कमी आणि माणसं जास्त दिसतात.

आत शिरलेलं मराठी कुटुंब पहिल्या शंभर पावलांत तीन ठिकाणी विखुरतं. एक तुकडी फोटो काढायला, एक स्वच्छतागृह शोधायला आणि एक ‘हे कुठे गेले सगळे’ म्हणत मूळ जागी. अर्ध्या तासाने सगळे एकत्र येतात तेव्हा चढ चढून पाहण्याची हौस संपलेली असते आणि मंडळी गवतावर बसतात. जाणकार इथेच हळहळतात. वरच्या टप्प्यांवर काय काय झाडं आहेत, आणि ही माणसं फाटकापासून हाकेच्या अंतरावर बसून गप्पा मारतात! मला वाटतं, या बागेचा याहून चांगला उपयोग झालेला नाही. कारण गवतावर कोण बसलंय ते बघा. वर्षाचे तीनशेहून अधिक दिवस जी बाई दुपारच्या या वेळी ओट्यापाशी किंवा कचेरीत असते, ती भर उजेडात, लोकांच्या समोर, पाय लांब पसरून बसली आहे. तिच्याजवळ कुणी काही मागत नाही, कारण देण्यासारखं तिच्या हाताशी काही नाही. गॅस नाही, फ्रिज नाही, चावी नाही. सासूही तशीच बसली आहे. दोघी एकाच वेळी बसलेल्या असण्याचा प्रसंग घरी किती वेळा येतो, हे ज्याने त्याने आठवून पाहावं. ‘घरीच आराम करा ना’ हा सल्ला देणाऱ्याला घर म्हणजे काय हे ठाऊक नाही. त्या बाईला घरी आराम मिळावा म्हणून घर बदलावं लागेल, आणि ते आपण केलेलं नाही. तोवर तिला सातशे-आठशे किलोमीटर लांब न्यावं लागतं, आणि न्यावंच.

बागेच्या खालच्या भागात झाडाचं एक दगड झालेलं खोड मांडून ठेवलं आहे. ते सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीचं आहे. त्याच्यापाशी उभं राहून आजोबा पाटी मोठ्याने वाचतात आणि नातवंडांना आकडा दोनदा ऐकवतात. नातवंडं म्हणतात, हे तर दगडच आहे. दोघांचंही बरोबर असतं. मग त्याच्यासमोर सगळ्यांचा फोटो निघतो, आणि त्यात खोड सोडून सगळं येतं.

पण कुटुंब म्हणून माणसांची खरी परीक्षा होते तळ्यावर. तळं सलिव्हनच्या काळी आजच्यापेक्षा बरंच मोठं होतं. पुढे त्याच्या पोटातली जमीन काढून घेऊन तिथे रेसकोर्स आणि बस स्टँड झाले. उरलेल्या पाण्यात आता बोटी फिरतात. मोटारबोट आहे, वल्ह्याची बोट आहे, पण सहकुटुंब माणसाने पॅडलचीच बोट घ्यावी. लांबलचक रांगेत उभं राहावं, नारिंगी लाइफ जॅकेटचे बंद एकमेकांचे बांधावेत आणि सासऱ्यांना व जावयाला शेजारी-शेजारी पॅडलवर बसवावं. या बोटीला कुठेही जायचं नसतं. जिथून निघते तिथेच परत येते. आपणच पैसे भरायचे आणि आपणच पाय मारायचे. एक जोरात मारतो, दुसऱ्याला सुकाणू कुठे वळवावं कळत नाही, बोट जागच्या जागी गिरक्या घेते. काठावरून आत्या ओरडून सूचना देते आणि त्या सूचना चुकीच्या असतात.

हेच मला हवं आहे. घरात प्रत्येकाचं एक स्थान ठरलेलं असतं. सासऱ्यांना व्यवहार कळतो, जावयाला संगणक कळतो, आत्याला नातीगोती कळतात, आणि प्रत्येक जण आपल्या कळण्याच्या मागे उभा राहून दुसऱ्याशी बोलतो. पॅडलच्या बोटीतलं कुणालाच काही कळत नाही. तिथे वय, पगार, मान यांचा काडीचा उपयोग नाही. ज्यांनी एकमेकांशी लग्नाच्या बोलणीपासून फक्त तब्येत आणि गाडीच्या मायलेजबद्दल संभाषण केलं, ते दोघे पुरुष त्या पाण्यावर एकमेकांना ‘डावीकडे, अहो डावीकडे’ म्हणत असतात आणि मग गुडघ्यांबद्दल बोलू लागतात. गुडघ्यांवरून जुन्या नोकरीवर येतात, नोकरीवरून कर्जावर. शहाण्या माणसांनी कुटुंबातला संवाद वाढवण्यासाठी बरेच उपाय सांगितले आहेत. दोन माणसांना एका निरुपयोगी कामाला जुंपून पाण्यात सोडण्याइतका खात्रीचा उपाय माझ्या पाहण्यात नाही.

थंडीबद्दल थोडक्यात सांगतो. उटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंच आहे, पण मेमधल्या दुपारी तिथे हलका स्वेटरही पुरतो. तरी सांगली-सोलापूरची माणसं कानटोप्या, मफलर आणि शाली घेऊन जातात. वर बागेजवळच्या तिबेटी बाजारात आणखी स्वेटर घेतात, जे घरी परतल्यावर पुन्हा कधीच अंगात चढत नाहीत. कानटोपी घालून आइस्क्रीम खातात. ‘बाधेल’ असं बजावणारी आजी शेवटी स्वतःच्या कपातलं अर्धं नातवाला देते. करू द्यावं. उन्हाळ्याने भाजून निघालेल्या माणसाला थंडीची चैन करायची असेल तर ती त्याने पुरेपूर करावी, थर्मामीटर काहीही म्हणो.

गर्दीबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे. ‘मे टाळा’ हे वाक्य कोण उच्चारू शकतं? ज्याला मे टाळता येतो तोच. ज्याच्या रजेवर शाळेचा, कारखान्याचा किंवा शेतीचा ताबा नाही तो. त्या बागेत मेच्या रविवारी कोण दिसतं ते पाहावं. कोइमतूर-तिरुप्पूरकडच्या गिरण्यांत आणि होजियरीच्या कारखान्यांत काम करणारी कुटुंबं सरकारी बसने एका दिवसासाठी वर येतात. स्टीलच्या डब्यांत चिंचभात असतो, केसांत ताजे गजरे असतात, मुलांच्या अंगावर सणाचे कपडे असतात. रात्री ती परत खाली उतरतात, सोमवारी पाळीला हजर होतात. केरळातून, कर्नाटकातून अशीच माणसं आलेली असतात. रस्त्याकडेला बस थांबवून आपल्या पुऱ्या आणि मोरांबा उघडणाऱ्या कुटुंबाला शेजारच्या घोळक्यातून उकडलेले शेंगदाणे येतात, आणि आपला चिवडा तिकडे जातो. बोलायला सामाईक भाषा नसते आणि तिची फारशी गरजही पडत नाही. ही गर्दी म्हणजे सुट्टीचा फक्त एवढाच तुकडा हाती असलेले लोक आहेत. त्यांच्यामुळे उटी बिघडली असं म्हणणाऱ्याबद्दल मला राग आहे, आणि तो मी लपवत नाही.

उटी बिघडते आहे हे खरं आहे, पण बोट दाखवायचं तर योग्य जागी दाखवावं. तिला माणसांपेक्षा मोटारी जास्त जड झाल्या आहेत. चार जागांच्या गाडीत दोघं बसून, प्रत्येकाची गाडी वेगळी, असं वर चढणं हा कुटुंबाचा मूर्खपणा नाही. तो एकेकट्याचा आहे, आणि त्याची स्तुती माझ्याकडून होणार नाही. २०२४ च्या मेमध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने नीलगिरीत शिरणाऱ्या वाहनांना ई-पास लागू झाला. २०२५ च्या हंगामात तर रोजच्या वाहनांची मर्यादाच ठरली, आठवड्याच्या दिवशी ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,०००. सरकारी बस आणि रेल्वेला ती अट नाही. तेव्हा मूर्खपणा करायचाच तर बसमध्ये दाटीवाटीने बसून करावा. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्यांना तिथे बंदी आहे, नाक्यावर त्या काढून घेतात. तेव्हा आजीचा तांब्या आणि स्टीलचे डबे ही जुनी पद्धतच बरोबर होती. गावाचं सांडपाणी वर्षानुवर्षं कोडप्पमंद ओढ्यातून त्याच तळ्यात येत राहिलं, ज्यावर आपण बोट फिरवतो. ते थांबवणं सरकारचं काम आहे, आणि तिकिटाचे पैसे भरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला तसं ठणकावून विचारण्याचा हक्क आहे.

आणखी एक गोष्ट. बागेच्या वरच्या अंगाला तोडा लोकांची वस्ती आहे. हे डोंगर सलिव्हन येण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांचे आणि त्यांच्या म्हशींचे आहेत. तिथे जाऊन कुणाच्या दारात डोकावणं, त्यांच्या भरतकामाच्या शालीसकट कुणाला फोटोसाठी उभं करणं, हे आपण करू नये. आपण मूर्खपणा करायचा तो स्वतःच्या अंगावर घेऊन. दुसऱ्याच्या घराला बागेतली शोभेची वस्तू समजणं यात मौज नाही, उद्धटपणा आहे.

एवढं सांभाळलं की बाकी सगळं बेलाशक करावं. परतीच्या वाटेवर पाल्यासकट गाजरं घ्यावीत, घरापर्यंत टिकणार नाहीत हे माहीत असूनही. मोजून दहा पावलं चालणाऱ्या घोड्यावर धाकट्याला बसवावं. केट्टी स्टेशन दिसलं की ‘सदमा’चा शेवट इथेच चित्रित झाला, हे मावशीला सांगू द्यावं, तिने आदल्या दिवशी सांगितलं असलं तरी. निलगिरीच्या तेलाची बाटली आणि घरगुती चॉकलेटं शेजाऱ्यांसाठी घ्यावीत आणि वाटेतच अर्धी संपवावीत.

वाफेच्या गाडीचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि मेची तिकिटं फार लवकर संपतात. त्यामुळे मार्च लागला की यादी करायला बसावं. त्या यादीत एका नावावरून हमखास वाद होतो. ‘आजींना झेपेल का?’ गुडघे दुखतात, घाटात त्रास होईल, रांगेत उभं राहवणार नाही, औषधांच्या वेळा आहेत. ही सगळी कारणं खरी असतात, आणि डॉक्टरांनी साफ नाही म्हटलेलं नसेल तर ती सगळी ऐकून घेऊन आजींचं नाव सर्वांत वर, खिडकीच्या जागेसाठी लिहावं.